पट्टीच्या तळाशी दुसऱ्याचंच नाव

हे प्रकरण रावेर तालुक्यातल्या केळी उत्पादकांच्या एका विक्री संस्थेचं आहे. संस्थेचं नाव देत नाही, माणसांची नावंही काढून टाकली आहेत. ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत. हिशोबाचा आणि छपाईचा भाग मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे. मी तेव्हा भुसावळला राहून अशा संस्थांची संगणकाची किरकोळ कामं करायचो. चूक कोणाची, हे शोधत शेवटपर्यंत वाचायची गरज नाही. मोठा वाटा माझाच होता.

पार्श्वभूमी

संस्थेचं काम सरळ. सभासदाची बाग कापली की माल काट्यावर येतो, वजन होतं, व्यापाऱ्याच्या गाडीत भरला जातो. आठवडा संपला की कमिशन, हमाली आणि आधी घेतलेली उचल वळती करून उरलेले पैसे सभासदाच्या खात्यात जमा होतात. सोबत एक कागद मिळतो. त्याला सगळे पट्टी म्हणतात. सातपुडा आणि तापी यांच्या मधल्या या पट्ट्यात घरोघरी कपाटात अशा पट्ट्यांची चळत असते. पुढे कधी वाद झाला की तोच पुरावा, म्हणून कोणी सहजासहजी फेकत नाही.

ही पट्टी ओरॅकलच्या डेटाबेसमधून निघायची, तीही एसक्यूएल-प्लस या त्याच्या जुन्यात जुन्या साधनाने. साधा मजकूर, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, कार्बन घालून दोन प्रती: एक सभासदाची, एक ऑफिसची. या साधनात अहवाल सजवायला मोजक्याच आज्ञा आहेत. पानाच्या वरचं शीर्षक ‘टी-टायटल’ने ठरतं, तळाची ओळ ‘बी-टायटल’ने. ‘कॉलम’ने रकान्याचं नाव आणि रुंदी सांगायची, ‘ब्रेक’ने गट बदलला की ओळ किंवा पान तोडायचं आणि ‘कॉम्प्युट’ने गटाची बेरीज घ्यायची. एवढ्यात पुष्कळ काम होतं. दहा-बारा वर्षं ते होतही होतं.

ऑफिसात तीन माणसं महत्त्वाची. अध्यक्षांना सगळे नाना म्हणत. हिशोब ताईंकडे. आणि खतावणी लिहिणारा, पट्ट्या टाचणारा, प्रिंटरची रिबन बदलणारा कारकून म्हणजे भाऊ.

अडचण

तक्रार पहिल्यांदा नानांकडून आली, आणि ती रकान्यांच्या नावांबद्दल होती. “सभासद मले विचारतो, नाना, हे डीआयएफएफ काय हाये? मी काय सांगू?”

डीआयएफएफ म्हणजे ‘फरक’. इथल्या केळीच्या भावात हा शब्द रोजचा आहे. नवती, पिलबाग, कांदेबाग या केळीबागांच्या प्रकारांचे भाव सांगताना मूळ भाव वेगळा आणि फरक वेगळा सांगतात. शेंबड्या पोरालाही ते कळतं. आधी ज्याने पट्टी बनवली तो बाहेरचा असावा. त्याने फरकाचं इंग्रजी केलं आणि चार अक्षरांत कोंबलं. सभासदाला ते वाचता येईना, आणि मधल्या काळात आलेल्या एका नव्या पोराला वाटलं की हा हिशोब न जुळल्याचा फरक आहे. तो दर आठवड्याला ताईंना विचारायचा, “एवढा फरक का येतो?”

मी जुनी पट्टी हातात घेऊन बसलो तेव्हा एकेक गोष्ट दिसत गेली.

वजनाच्या रकान्यावर नुसतं ‘वजन’ अशा अर्थाचा शब्द होता, एकक नव्हतं. वजन किलोत आणि भाव क्विंटलचा. १,२४० किलो माल, भाव १,१५०. रक्कम १४,२६० रुपये. ज्याला हे माहीत आहे त्याला काही वाटत नाही. पण सभासदाचा शाळकरी नातू पट्टी घेऊन सरळ गुणाकार करतो आणि त्याचं उत्तर १४,२६,००० येतं. मग घरात चर्चा सुरू होते.

बेरजेच्या ओळीत भावाचीही बेरीज होती. तीन वेळा माल गेला, भाव ११००, ११५० आणि ११२०, आणि खाली ठळक ३३७०. कुणीतरी ‘कॉम्प्युट’ लिहिताना आकड्यांचे सगळेच रकाने उचलले होते. शिवाय या बेरजेला नावच नव्हतं. बेरीज सभासदाच्या कोडवर घेतली होती आणि तो कोडचा रकाना ‘नो प्रिंट’ करून लपवला होता. एसक्यूएल-प्लस बेरजेचं लेबल त्याच गटाच्या रकान्यात छापतं. रकाना लपला की लेबलही लपतं. त्यामुळे तळाचा आकडा म्हणजे आणखी एक खेप आहे असं कुणालाही वाटावं.

आणि कुंपण. रक्कम ९९,९९९.९९ पर्यंत मावेल एवढाच साचा दिलेला होता. आकडा त्यात बसला नाही की एसक्यूएल-प्लस तो अर्धवट कापत नाही. चुकीचा आकडा दाखवण्यापेक्षा सगळ्या अंकांच्या जागी कुंपणासारखी ‘#’ ही चिन्हं छापतं. वागणूक शहाणपणाचीच आहे. पण परिणाम असा की ज्याला लाखाच्या वर पैसे मिळाले, नेमकी त्याच्याच पट्टीवर रक्कम दिसायची नाही. भाऊ तिथे पेनाने आकडा लिहून द्यायचा. छापील पट्टीवर पेनाने लिहिलेली रक्कम! ताईंना हे मुळीच पटत नव्हतं, पण हंगामात कोण थांबतो.

पर्याय

आम्ही चौघं बसलो तेव्हा कांदेबागेची कापणी जोरात होती. हातात तीन आठवडे.

पहिला पर्याय म्हणजे इंग्रजीच ठेवायचं, फक्त नीट करायचं: पूर्ण शब्द, एककं, बेरजेला लेबल, मोठा साचा. दोन दिवसांचं काम. नानांनी ऐकूनच घेतलं नाही. “पट्टी मराठीत पाहिजे” यापुढे चर्चा नाही.

दुसरा, याच साधनातून मराठी नावं छापायची. मी ते करून पाहिलं आणि तिथे एक संध्याकाळ गेली. साध्या मजकुराच्या अहवालात रकान्याची रुंदी अक्षरं मोजून ठरते, आणि संगणकाचं अक्षर म्हणजे आपलं अक्षर नव्हे. ‘क्विंटल’ आपल्याला तीन अक्षरांचं दिसतं. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर-क्रमांकांच्या पद्धतीत, त्याचे सात तुकडे होतात: क, हलन्त, व, ऱ्हस्व वेलांटी, अनुस्वार, ट, ल. यूटीएफ-८ मध्ये साठवलं तर प्रत्येक तुकड्याला तीन, म्हणजे एकवीस बाइट. रकाना सात जागा धरून मोकळी जागा सोडतो, कागदावर शब्द तीनच जागा घेतो, आणि पुढची सगळी नावं डावीकडे घसरतात. रकाना अरुंद असेल तर आणखी मजा. मजकुराच्या रकान्याचं नाव रुंदीपेक्षा मोठं असेल तर एसक्यूएल-प्लस ते कापतं. (आकड्यांच्या रकान्याचं नाव कापत नाही, तिथे रकानाच रुंद होतो. हा भेद मला फार उशिरा कळला.) ‘निव्वळ’ चार जागांत बसवलं की ‘निव्’ उरतं, पाय मोडलेला व घेऊन.

याच प्रयोगातली एक गंमत. लांब नाव दोन ओळींत तोडायला या साधनात मध्ये उभी रेघ टाकतात. माझी तुटतच नव्हती. अर्ध्या तासाने दिसलं की मराठी कळफलक चालू असल्यामुळे मी उभ्या रेघेऐवजी दंड टाइप करत होतो, श्लोकाच्या शेवटी असतो तो. डोळ्यांना दोन्ही सारखेच.

तिसरा पर्याय एक्सेल. डेटा तिथे ओतायचा, मराठी नावं तिथे द्यायची, लाखाचे स्वल्पविराम आपल्या पद्धतीने लावायचे, वरच्या ओळी प्रत्येक पानावर पुन्हा छापायला सांगायच्या. भाऊला हे आवडलं, कारण त्याला एक्सेल येत होतं. मला दोन गोष्टी खटकल्या. दर आठवड्याला कुणीतरी हाताने चिकटवणार, म्हणजे कधीतरी एक ओळ सुटणार. आणि एक्सेलच्या पानाच्या वरच्या-खालच्या पट्टीत एखाद्या खान्यातला मजकूर आपोआप आणता येत नाही; त्यासाठी मॅक्रो, म्हणजे एक्सेलमधला छोटा प्रोग्राम, लिहावा लागतो. सभासदाचं नाव पानागणिक बदलतं, तेव्हा ते तिथे येणार कसं?

चौथा, अहवाल बनवायचं वेगळं सॉफ्टवेअर: ज्यात पानाचा माथा, गटाचा माथा, तपशील, गटाचा तळ, पानाचा तळ असे पट्टे वेगवेगळे आखता येतात आणि मराठी फॉन्टही चालतो. उत्तर हेच बरोबर होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण खर्च, शिकणं आणि लेसर प्रिंटर, शिवाय लेसरवर कार्बनप्रत निघत नाही. नाना म्हणाले, “हंगाम झाल्यावर पाहू.”

पाचवा पर्याय ताईंनी सुचवला. बँकेच्या पावत्या येतात तसा छापील कागदच आणा ना! मराठी मथळा, रकान्यांची नावं, एककं, ‘एकूण’चा चौकोन, सगळं छापखान्यातून छापून; प्रिंटरने फक्त आकडे आणि नाव टाकायचं. नाव आमच्या नोंदीत तसंही इंग्रजीतच होतं. पैसे कमी, वेळ कमी आणि प्रिंटर तोच.

आम्ही पाचवा घेतला. आजही त्या दिवशीच्या परिस्थितीत मी तोच घेईन. पुढे जे बिघडलं ते या निवडीमुळे नव्हे.

काय केलं

सहा इंच उंचीची पट्टी, इंचाला सहा ओळी, म्हणजे छत्तीस ओळी. वरच्या नऊ मथळ्याला, मधल्या अठरा खेपांना, खालच्या नऊ बेरीज-वजावटीला आणि सह्यांना. नानांना मथळ्यात ‘भौगोलिक मानांकनप्राप्त जळगाव केळी’ असं हवं होतं. मानांकन २०१६ पासून आहे, अभिमान बरोबर आहे. पण ते नाव वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, आणि आमच्या नऊ ओळींत जागाही नव्हती. नोंदणीचं कारण त्यांना पटलं, जागेचं नाही.

रकान्यांची नावं नानांनी स्वतः सांगितली आणि ती उत्तम होती. ‘एकूण वजन (किलो)’, ‘कटती (किलो)’, ‘निव्वळ वजन (किलो)’, ‘भाव (रु. / क्विंटल)’, ‘फरक’, ‘रक्कम (रु.)’. भावाखालचा बेरजेचा चौकोन छापतानाच काळ्या जाळीने भरून टाकला, म्हणजे तिथे कुणी काही छापलंच तर दिसू नये. रकमेचा साचा कोटीपर्यंत वाढवला. ओरॅकलच्या साच्यात दशांशचिन्हाच्या आधी अंकांमध्ये स्वल्पविराम हवा तिथे ठेवता येतो, त्यामुळे हजारामागून दोन-दोन अंकांवर ठेवला की लाख-कोटी आपल्या सवयीने दिसतात. इंग्रजी पद्धतीने १४२,६०० छापलेलं पाहून आमच्याकडचा माणूस क्षणभर थबकतोच.

तळाला मी माझ्या मनाची एक ओळ घातली. छापील शब्द होते: ‘वरील रक्कम ………… यांच्या खात्यात जमा.’ मोकळ्या जागेत ‘बी-टायटल’मधून सभासदाचं नाव आणि कोड. माथ्यावर नाव होतंच. मला वाटलं, तळालाही असलं तर कागद भारदस्त दिसेल.

मग चाचणी. एका सभासदाचा डेटा घेतला, पट्टी काढली, छापील कागदावर आकडे चौकोनात बसतात का ते पाहिलं. दोन ओळी वर सरकत होतं, ते नीट केलं. पहिला कागद कोरा जात होता, कारण पानांमधलं अंतर शून्य ठेवलं की पहिल्या पानाआधीही कागद पुढे ढकलला जातो. त्यावर तोडगा काढला. चार-पाच वेळा काढून पाहिली. नाव वर बरोबर, खाली बरोबर. नानांनी सही केली आणि छापखान्याला पाच हजार कागदांची ऑर्डर गेली.

सोमवारची सकाळ

शनिवारी दोनशेच्या आसपास पट्ट्या वाटल्या गेल्या. सोमवारी ऑफिस उघडायच्या आधी पायरीवर एक काका बसलेले. पट्टीची घडी उघडून माझ्यासमोर धरली. “वर मी हाये. खाले दुसराच कोनी हाये. पैसे कोनाले गेले?”

माथ्यावर त्यांचं नाव. तळाला, ‘वरील रक्कम’ आणि ‘यांच्या खात्यात जमा’ यांच्या मध्ये, त्यांच्याच गावातल्या दुसऱ्या माणसाचं नाव आणि कोड.

दहा वाजेपर्यंत पंधरा-वीस जण जमले. पैसे बरोबर खात्यात गेले होते, कारण बँकेला जाणारी यादी वेगळी निघते आणि तिला या ओळीशी काही देणंघेणं नाही. ताईंनी एकेकाला बँकेची यादी दाखवायला सुरुवात केली. पण ज्याच्या हातात ‘दुसऱ्याच्या खात्यात जमा’ असं छापील लिहून आलंय, त्याला यादी दाखवून काय समाधान होणार?

मी पहिला अर्धा दिवस प्रिंटरवर घालवला. तळाला पुढच्या माणसाचं नाव येतंय, म्हणजे कागद एका पट्टीने सरकला असणार, असा माझा कयास. कागद ओढणारे दाते तपासले, रिबन काढली. कागद सरकला असता तर माथाही सरकला असता, हे साधं मला सुचलं नाही. डोकं चालायचं थांबलं की माणूस हाताला काम देतो.

दुपारी भाऊने ऑफिसप्रतींचा गठ्ठा आणून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, “दादा, एक गंमत आहे. शेवटची पट्टी बरोबर आहे.”

दोनशे पट्ट्यांपैकी फक्त शेवटची. तिथे उलगडा झाला. पानावर चालू नाव छापायचं असेल तर एसक्यूएल-प्लसमध्ये ते ‘न्यू व्हॅल्यू’ नावाच्या सोयीने एका चलात, म्हणजे नाव धरून ठेवणाऱ्या कप्प्यात, ठेवतात आणि शीर्षकात तो चल लिहितात. माथ्यासाठी हे बरोबर. पण पान संपलं हे साधनाला कळतं कधी? पुढच्या सभासदाची ओळ हातात आल्यावर. तोवर चलात पुढच्याचं नाव जाऊन बसलेलं असतं, आणि मग तळाची ओळ छापली जाते. म्हणून प्रत्येक तळाला पुढचा माणूस. शेवटच्याच्या पुढे कोणी नाही, म्हणून तो एकटा बरोबर. तळासाठी ‘ओल्ड व्हॅल्यू’ ही वेगळी सोय दिलेली आहे, जी पान तुटण्याआधीचं नाव धरून ठेवते. माहितीपुस्तिकेत हे स्वच्छ लिहिलेलं आहे, आणि मी ते पान कधी उघडलं नव्हतं.

आणि चाचणी? मी एकाच सभासदाची घेतली होती. एकच सभासद म्हणजे एकच पट्टी, आणि एकच पट्टी म्हणजे शेवटची. म्हणजे ही चूक दिसूच शकणार नाही अशा एकमेव स्थितीत मी पाच वेळा खात्री करून घेतली होती.

निस्तरणं

दुरुस्ती दोन शब्दांची होती. त्या दिवसाचं खरं काम वेगळं होतं.

पट्ट्या परत छापायच्या हे ठरलं, पण कशा? माझं म्हणणं, गुपचूप नव्या काढू, जुन्या परत घेऊ. ताई म्हणाल्या, जुनी ज्याच्याकडे राहील त्याच्याकडे एकाच पैशाच्या दोन पट्ट्या होतील; आणि वरची तारीख बघा. माथ्यावरची तारीख संगणकाच्या आजच्या तारखेवरून येत होती. मंगळवारी छापलेल्या पट्टीवर मंगळवार आला असता, शनिवारची हातात असताना. दोन तारखा म्हणजे दोन वेळा पैसे, असा अर्थ कुणीही काढला असता. ताईंचं ऐकलं. माथ्यावर ‘कालावधी’ म्हणून आठवड्याच्या दोन्ही तारखा डेटामधून आणल्या, छापल्याची तारीख कोपऱ्यात वेगळी टाकली, आणि या खेपेला ‘दुरुस्त प्रत’ असा रबरी शिक्का मारला. माझा गुपचूप मार्ग घेतला असता तर पुढच्या वर्षी तंटा ठरलेला होता.

पुढचा धक्का बुधवारी. भाऊ ऑफिसप्रतींवरून उचल खतावणीत चढवतो. पट्ट्या वरच्या बाजूला टॅग लावून फाइल केलेल्या. तो अंगठ्याने खालच्या कडा उचलत पुढे जातो, त्यामुळे त्याला आधी दिसतो तो तळ. तळावरचं नाव वाचून त्याने अकरा नोंदी पुढच्या माणसाच्या पानावर चढवल्या होत्या. सभासदांचा गोंधळ मनस्तापापुरता होता. इथे हिशोबच फिरला. अकरा उलट नोंदी, प्रत्येकीवर नानांची सही, असे तीन दिवस गेले.

तळ मी भारदस्तपणासाठी भरला होता. ऑफिसात मात्र पट्टीचा सगळ्यात जास्त वाचला जाणारा भाग तोच होता. भाऊच्या टेबलाशी दहा मिनिटं उभा राहिलो असतो तर आधीच कळलं असतं.

त्या उलट नोंदी शोधताना आणखी एक बाहेर आलं. एका गावातल्या दोन सभासदांच्या मिळून एकच पट्टी निघाली होती. आडनाव एक, पहिलं नाव एक, वडिलांचं नाव वेगळं. पण जुन्या कार्यक्रमात नाव आडनावापासून सुरू करून वीस अक्षरांवर कापलेलं होतं, म्हणजे वडिलांचं नाव कापलं जायचं. आणि पान तोडायची अट कोडवर नसून या कापलेल्या नावावर होती. क्रमवारीत दोघं एकाखाली एक आले की एक माणूस होऊन जात. गावात कुणी त्यांची गल्लत करत नाही, एक मळ्यातले आणि एक पारावरचे. संगणकाला मळा माहीत नाही. आता पट्टी कोडवर तुटते आणि नाव पूर्ण छापतं, मग दोन ओळी लागल्या तरी चालेल.

अठरापेक्षा जास्त खेपांचा प्रश्न राहिला होता. मोठ्या सभासदाची दुसरी पट्टी निघे आणि पहिलीवरचा ‘एकूण’चा छापील चौकोन रिकामा राही. ‘चालू’ हा शब्द फक्त लागेल त्याच पट्टीवर छापायची सोय एसक्यूएल-प्लसच्या शीर्षकांत नाही. त्याचा पान क्रमांकही सगळ्या अहवालाचा मिळून असतो, त्यामुळे एका शेतकऱ्याच्या एकुलत्या एका पट्टीवर ‘पान १४७’ आलं होतं आणि तो उरलेली १४६ पानं मागत होता. शेवटी डेटाबेसमधून माहिती मागवणाऱ्या क्वेरीतच सभासदाच्या खेपांना क्रमांक दिला, अठरा-अठराचे गट पाडले आणि त्यावरून ‘पट्टी २ पैकी १, पुढे चालू’ हा मजकूर आधीच तयार करून माथ्यावर आणला.

निष्पत्ती

पुढच्या शनिवारच्या पट्ट्या बरोबर गेल्या. जुन्यांपैकी बहुतेक परत आल्या, दहा-बारा आल्या नाहीत. त्यांची कोडवार नोंद ताईंनी ठेवली आहे. ‘फरक’ काय, हे विचारायला कुणी आलं नाही. पेनाने रक्कम लिहिणं बंद झालं. हंगाम संपल्यावर वेगळं सॉफ्टवेअर आणि लेसर प्रिंटर दोन्ही आले. पट्टीचा आराखडा मात्र छापील कागदाचाच उचलला, रकान्यांच्या नावांसकट. कार्बनऐवजी दोन प्रती काढतात.

पुन्हा करायचं झालं तर

चाचणीला पाच सभासद घेईन, मुद्दाम निवडून: एक लाखावरचा, एक वीस खेपांचा, दोन सारख्या नावाचे आणि एक असा की ज्याची उचल मालापेक्षा जास्त आहे. हा शेवटचा आम्ही त्या वेळीही तपासला नव्हता. उणे रक्कम ‘जमा’ या शब्दाखाली छापली जाते हे पुढच्या महिन्यात कळलं आणि ‘येणे बाकी’ अशी वेगळी ओळ करावी लागली.

पाच हजार कागद आधी छापणार नाही. सुरुवातीला पाचशे पुरले असते. तळाची ती ओळ हवी होती का, यावर ताई आणि माझं अजून एकमत नाही. त्या म्हणतात, नाव एकदाच, वर. मी म्हणतो, भाऊ तळ वाचतो तर तळाला नाव हवंच, फक्त बरोबर हवं. नव्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही ठिकाणी आहे.

नमुना पट्टी छपाईला जाण्याआधी एखाद्या सभासदाच्या हातात द्यायला हवी होती. सोमवारच्या त्या काकांनी ती आधी उलटी करून कोरी बाजू पाहिली, मग तळ वाचला, मग रक्कम, आणि सगळ्यात शेवटी मथळा.

उरलेले साडेतीन हजार छापील कागद काट्यावर गेले. हमाल त्यांच्या पाठीमागे घडांचा हिशोब मांडतात.